स्पेनमधलं रोजचं जेवणखाण : मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीनिमित्त सहकुटुंब स्पेनला येणाऱ्यांचे हे नेहमीचे प्रश्न. कुठल्या गावात काय प्रसिद्ध आहे ते पर्यटकांसाठीच्या माहितीत सापडतंच. इथे भर आहे तो घरचा ओटा, मुलांचा डबा आणि बाजार यांवर. आम्ही व्हॅलेन्सियात राहतो, त्यामुळे उदाहरणं तिथली जास्त. माद्रिद किंवा बिल्बाओत तपशील थोडे बदलतील, जेवणाच्या वेळा मात्र जवळपास याच.

इथे लोक दिवसातून किती वेळा खातात आणि कधी?

पाच वेळा, पण त्यातलं खरं जेवण एकच. सकाळी घाईत देसायुनो: कॉफी आणि टोस्ट, मुलांना कोकोचं दूध आणि मारीया बिस्किटं. साडेदहा-अकराला आल्मुएर्थो, म्हणजे मधलं खाणं. दुपारी दोन ते साडेतीनच्या मध्ये कोमिदा, हे मुख्य जेवण. संध्याकाळी साडेपाच-सहाला मेरिएन्दा, मुख्यतः मुलांसाठी. आणि रात्री नऊ ते दहा थेना, जी घरात असेल तर अगदी हलकी असते.

नवीन माणसाचं गणित चुकतं ते दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात. आपल्याकडे रात्रीचं जेवण भरपूर आणि दुपारी डबा, अशी ऑफिसवाल्यांची सवय. इथे उलटं. रात्री बहुतेक घरांत भाज्यांचं दाट सूप, साधं ऑम्लेट आणि दही, एवढ्यावर भागतं. दहा वाजता दोन भाज्या, वरण, भात, पोळी असं साग्रसंगीत जेवून झोपायला गेलात तर त्रास होणारच, आणि त्याचा दोष स्पेनच्या वेळांना देण्यात अर्थ नाही. मोठं जेवण दुपारी हलवा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

पण इतक्या उशिरा का?

एक कारण घड्याळातच आहे. ग्रीनिचची रेखावृत्ताची रेषा स्पेनमधून, आमच्या उत्तरेला कास्तेयोनवरून जाते. म्हणजे देशाने लंडनची वेळ पाळायला हवी. पण 1940 मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे करून मध्य युरोपच्या वेळेशी जुळवली गेली आणि ती पुन्हा मागे घेतलीच नाहीत. त्यावर उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. परिणामी जून-जुलैत माद्रिदमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या सुमारास आणि मावळतो पावणेदहाला. त्या हिशेबाने दोनचं जेवण हे सूर्याच्या घड्याळात बाराचंच जेवण झालं.

सगळा दोष घड्याळाचा नाही. दुपारी दोन-तीन तास दुकानं बंद ठेवून संध्याकाळी आठ-साडेआठपर्यंत काम चालवण्याची पद्धत अजून टिकून आहे, मग घरी पोचून नऊच्या आत जेवणार कधी? दुपारच्या झोपेबद्दल मात्र फार कल्पना करू नका. शहरातला नोकरदार माणूस रोज वामकुक्षी घेत नाही.

आम्ही घरी साडेसातलाच जेवलो तर?

खुशाल जेवा. फक्त बाहेर त्या वेळी जेवण मिळणार नाही. रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरं साधारण साडेआठनंतर उघडतात. आणि मुलांचे फुटबॉलचे, पोहण्याचे क्लास सात-साडेसातपर्यंत चालतात, वाढदिवस साडेपाचला सुरू होऊन नऊला संपतात. त्यामुळे वर्षभरात बहुतेक कुटुंबं आपोआप साडेआठवर येऊन स्थिरावतात. मेरिएन्दा नीट दिली की मुलांची कुरकूर होत नाही. शाळेच्या फाटकावर आजी-आजोबा हातात फॉइलमध्ये गुंडाळलेलं सँडविच घेऊन उभे असतात, ते याचसाठी.

शाळेत मुलांना काय खायला मिळतं? डबा देता येतो का?

दुपारच्या जेवणाचा डबा सहसा देता येत नाही. एक तर मूल शाळेच्या कोमेदोरमध्ये, म्हणजे भोजनगृहात, पैसे भरून जेवतं, नाहीतर घरी येऊन जेवतं. काही शाळा सलग नऊ ते दोन असतात, काही मध्ये दीड-दोन तासांची सुट्टी देऊन पुन्हा भरतात. प्रवेशाच्या वेळीच हे विचारून घ्या, कारण दोघं नोकरी करत असतील तर घराचं सगळं वेळापत्रक यावर बेततं.

कोमेदोरचं जेवण ठरलेल्या क्रमाने येतं: पहिली थाळी (कडधान्याचं पातळ कालवण, सूप, पास्ता किंवा भात), दुसरी थाळी (मासा, अंडं किंवा मांस, सोबत सॅलड), पाव, पाणी आणि शेवटी फळ किंवा दही. महिन्याचा तक्ता आधी घरी येतो. तो फ्रिजवर लावा. कित्येक तक्त्यांवर प्रत्येक दिवसाखाली बारीक अक्षरात 'रात्री काय द्यावं' तेही छापलेलं असतं: दुपारी मसूर आणि मासा झाला असेल तर रात्री भाजीचं सूप आणि अंडं, असं. आहाराचा इतका सोपा धडा दुसरीकडे मिळणार नाही.

शाकाहारी कुटुंबांनी प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगावं. डुकराचं मांस नको असा पर्याय बहुतेक ठिकाणी सहज मिळतो. पूर्ण शाकाहारी थाळी सगळीकडे मिळेलच असं नाही. ॲलर्जी असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं आणि ते मात्र फार गांभीर्याने घेतलं जातं. याच कारणाने काही शाळांत शेंगदाणे, बदाम, काजू आणायला बंदी असते. मधल्या सुट्टीच्या डब्यात दाण्याचा लाडू किंवा दाण्याचं कूट घातलेली भाजी देण्यापूर्वी वर्गशिक्षिकेला विचारा. लहान वर्गांत सोमवारी फळ, मंगळवारी सँडविच असं खाऊचं वेळापत्रकही असतं.

स्पेनमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होतात, हे खरं का?

घरात अजिबात नाही. बाहेर, पहिले काही महिने, हो.

अडचण अशी की इथे मांस 'भाजी'त लपलेलं असतं. वाटाणे खामोनच्या तुकड्यांबरोबर परततात, फरसबीही तशीच. खामोन म्हणजे मीठ लावून महिनोन् महिने वाळवलेली डुकराची मांडी. ती बारमध्ये छताला टांगलेली दिसेलच. मसुराच्या कालवणात चोरिथो नावाचं सॉसेज पडतं. 'सांदविच वेखेताल' मागवलंत तर त्यात टूना आणि अंडं निघतं. साध्या मिक्स सॅलडवर टूनाचा ढीग असतो. टोमॅटोचं थंडगार दाट सूप, साल्मोरेखो, स्वतः निर्दोष, पण वरून उकडलेलं अंडं आणि खामोन भुरभुरवून येतं. 'मी मांस खात नाही' एवढंच सांगून भागत नाही, कारण अनेकांच्या लेखी मांस म्हणजे बीफ-पोर्क. कोंबडी आणि मासा त्यात धरत नाहीत. म्हणून यादीच म्हणून टाकायची: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन आतून', म्हणजे मांस, कोंबडी, खामोन, मासा, टूना यांतलं काही नको. वेटर हसेल, पण थाळी बरोबर येईल. सूप किंवा भात असेल तर पाणी कशाचं आहे तेही विचारा, कारण ते बहुतेकदा हाडांचं किंवा माशांचं असतं.

डोळे झाकून मागवता येतील अशा गोष्टीही पुष्कळ आहेत. बटाट्याची तोर्तिया (अंडं चालत असेल तर), गास्पाचो (टोमॅटोचं थंड सूप), आन्दालुसियात वांग्याचे तळलेले काप उसाच्या काकवीबरोबर, पाद्रोनच्या छोट्या तळलेल्या मिरच्या ज्यातली एखादीच तिखट निघते, कातालुन्यात भाजलेल्या वांगी-ढोबळीची एस्कालिवादा, कॅनरी बेटांवर मिठात उकडलेले सुरकुतलेले बटाटे आणि मोखो चटणी. सेव्हिलमध्ये पालक-छोले मागवा: लसूण, जिरं, तळलेल्या पावाचं वाटण. पहिल्या घासाला कुठल्याही मराठी माणसाची मान डोलते.

डुकराची चरबी हा आणखी एक छुपा भाग. मायोर्काचा गोड पाव एन्साइमादा आणि नाताळातली पोल्वोरोन, मान्तेकादो ही बिस्किटं चरबीतच होतात. वेष्टनावर 'मान्तेका दे थेर्दो' दिसलं की कळावं. चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असू शकतं. ते टाळायचं असेल तर एस्त्रेमादुराची तोर्ता देल कासार शोधा, ती एका काटेरी फुलाच्या विरजणाने लावतात. वास जरा उग्र असतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

मग स्पॅनिश घरांत रोज शिजतं तरी काय?

हे कळलं की स्पेन परकं वाटेनासं होतं. बारमधले तळलेले पदार्थ बघून लोकांचा समज भलताच होतो. घरात मात्र आठवड्यातून एक-दोनदा तरी कडधान्य शिजतंच. मसूर, छोले, पांढरे राजमे. आदल्या रात्री भिजत घालायचे, सकाळी कुकर लावायचा. हो, कुकर. 'ओया एक्स्प्रेस' इथेही घरोघरी आहे, शिट्टीचा प्रकार तेवढा वेगळा.

मसुराचं कालवण जवळून पाहू. कांदा, लसूण, गाजर, ढोबळी मिरची, पिकलेला टोमॅटो ऑलिव्ह तेलात मंद आचेवर घाम सुटेपर्यंत परततात. शेवटी आच काढून चमचाभर पिमेन्तोन, म्हणजे लाल मिरचीची पूड. एस्त्रेमादुरातल्या ला वेरा भागातली असेल तर ओकच्या धुरावर वाळवलेली. ती जळली तर कडू होते, म्हणून लगेच पाणी आणि मसूर. तमालपत्राचं एक पान. बास. चोरिथो न घालता हेच करा, वरून जिरं-हिंगाची फोडणी द्यायचा मोह आवरला तर आवरा, आणि भाताबरोबर वाढा. भात-मसूर एकत्र खाणं इथल्या घरांतही चालतं, त्यामुळे शेजारीण नाक मुरडणार नाही.

हिवाळ्यात माद्रिदचा कोथिदो: छोले, कोबी, बटाटा, मांस सगळं एका भांड्यात, पण वाढायचं टप्प्याटप्प्याने. आधी त्याच पाण्यात शेवया घालून सूप, मग छोले-भाज्या, मग मांस. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत शुक्रवारी मांस टाळतात, तेव्हा छोले-पालक-कॉड माशाचं कालवण होतं. उन्हाळ्यात पिस्तो, म्हणजे दुधी भोपळ्याच्या चवीकडे झुकणारी कालाबाथिन (झुकिनी), ढोबळी आणि टोमॅटोची भाजी. पोळीबरोबर ती इतकी जमते की आमच्याकडे आठवड्याला एकदा होतेच. मुलांना तांदूळ-टोमॅटो सॉस-तळलेलं अंडं (सोबत तळलेलं केळंही) हा बेत फार आवडतो, आणि तो अर्ध्या तासात होतो.

घाईच्या दिवशी काचेच्या बरणीतले शिजवलेले छोले घ्या. पाणी काढून 400 ग्रॅम भरतात, चौघांच्या उसळीला पुरतात. यात कमीपणा मानू नका, इथल्या आज्याही वापरतात.

तोर्तिया म्हणजे मेक्सिकन पोळीच ना?

नाही. इथली तोर्तिया म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट. बटाट्याचे काप भरपूर तेलात, पण कुरकुरीत न तळता, मऊ शिजवायचे, मग निथळून फेटलेल्या अंड्यात मुरवायचे आणि ताटलीच्या मदतीने उलटायचं. कांदा घालावा की नाही यावर घराघरांत कायमचे वाद आहेत. आमचं मत कांद्याच्या बाजूने.

ऑलिव्ह तेलात फोडणी चालते का?

चालते. फक्त कुठलं तेल ते बघा. 'विर्खेन एक्स्त्रा' म्हणजे पहिल्या प्रतीचं. त्याची स्वतःची तुरट-तिखट चव असते, ती सॅलड आणि टोस्टवर छान, आमटीत खटकते. नुसतं 'आथेइते दे ओलिवा' लिहिलेलं असेल तर ते रिफाइन्ड तेलात थोडं चांगलं तेल मिसळलेलं असतं. चव सौम्य, रोजच्या फोडणीला बरं. तळणाला बहुतेक मराठी घरं सूर्यफुलाचं वापरतात. खाएन प्रांतातून आलेलं पाच लिटरचं कॅन घेणं एका बाटलीपेक्षा परवडतं.

टोस्टवर लोणी नसतं का?

मिळतं, पण खरी मजा तेल-टोमॅटोची. टोस्टवर किसलेला टोमॅटो, मीठ, ऑलिव्ह तेल. कातालुन्यात टोमॅटो अर्धा कापून पावावरच चोळतात. शाकाहाऱ्याचा रोजचा हमखास नाश्ता, आणि कुठल्याही बारमध्ये कॉफीसकट अगदी स्वस्तात.

आपला किराणा कुठे मिळतो?

बार्सिलोनात रावाल आणि माद्रिदमध्ये लावापिएस या वस्त्यांत दक्षिण आशियाई दुकानांची रांगच आहे. दुकानदार बहुतेक पाकिस्तानी किंवा बांगलादेशी. तूरडाळ, पोहे, कणीक, हिंग, मोहरी, कढीपत्ता तिथून महिन्याचं एकदम आणायचं. बाकी पुष्कळ काही साध्या सुपरमार्केटात आहे, फक्त वेगळ्या नावाने. छोले म्हणजे गार्बान्थो. बेसन म्हणजे 'आरिना दे गार्बान्थो'. कादिसकडे त्याची कोळंबीची भजी करतात. 'सेमोला दे त्रिगो' हा रवा. गुळाची वेळ 'पानेला' निभावते, ती दक्षिण अमेरिकेतल्या उसाची. 'आरिना इन्तेग्राल' कणकेसारखी वाटते पण कोंडा जाडसर असतो, पोळी फाटते. अर्धा मैदा मिसळा किंवा सरळ कणीकच आणा. कोथिंबीर म्हणजे 'थिलान्त्रो'. शेजारीच दिसणारी 'पेरेखिल' ही पार्सली. ती मासेवाला किंवा भाजीवाला कधीकधी आपल्याकडच्या कढीपत्त्यासारखी फुकट देतो, म्हणून घरी येऊन भलत्याच पाल्याची चटणी वाटली जाते.

मंडईत रांग दिसत नाही पण असते. पोचल्यावर मोठ्याने विचारायचं, 'किएन एस एल उल्तिमो?' म्हणजे शेवटचं कोण. ज्याने हात वर केला त्याच्यानंतर तुमचा नंबर, मग हवं तर बाकावर जाऊन बसा. फळांना स्वतः हात लावलेला खपत नाही. आणि 'क्वार्तो इ मिताद' म्हणजे 375 ग्रॅम: पाव किलो अधिक त्याचा निम्मा.

रविवारी दुकानं उघडी असतात का?

माद्रिदमध्ये असतात. आमच्यासारख्या बाकीच्या बहुतेक ठिकाणी मोठी सुपरमार्केट बंद, एखादं कोपऱ्यावरचं दुकान आणि बेकरी चालू. शनिवारी दूध-भाजी भरून ठेवा. ऑगस्टमध्ये तर आवडती बेकरी महिनाभरासाठी टाळं लावून गावाला जाते.

फुलके काचेच्या शेगडीवर फुगतात का?

थेट आच नसल्यामुळे जाळीवरचा फुलका विसरा. सपाट बुडाच्या तव्यावर पोळी फडक्याने दाबून फुगवा. इंडक्शन असेल तर भारतातून आणलेला ॲल्युमिनियमचा तवा तापणारच नाही, लोखंडी आणा. भाड्याचं घर बघताना शेगडी कोणती हे विचारायला कुणाच्या लक्षात येत नाही, तेवढं विचारा.

दूध, दही, चहा?

दूध टेट्रापॅकमध्ये, फ्रिजबाहेरच्या फळीवर असतं. ते उच्च तापमानावर प्रक्रिया केलेलं असतं. ताजं दूध फ्रिजमध्ये एका कोपऱ्यात. दही दोन्हीचं लागतं, विरजणाला कुठलंही साधं 'योगुर नातुराल' चालतं. इथे दही हा जेवणानंतरचा गोड पदार्थ, साखर घालून खातात. दहीभात बघून लोक थबकतात. अंडीही फ्रिजबाहेर. अंड्यावरच्या शिक्क्यातला पहिला आकडा बघा: 0 म्हणजे सेंद्रिय, 1 मोकळ्या आवारातल्या कोंबड्या, 2 शेडमध्ये मोकळ्या, 3 पिंजऱ्यातल्या.

चहाबद्दल आशा सोडा. बारमध्ये दुधाचा चहा म्हटलं की गरम दुधाच्या कपात पिशवी बुडवून आणतात. बाहेर कॉफी प्यावी, चहा घरी.

व्हॅलेन्सियात सकाळी साडेदहाला सगळे काम सोडून कुठे जातात?

एस्मोर्सारेतला. हा आमच्या भागाचा खास विधी आहे आणि गवंड्यापासून वकिलापर्यंत सगळे तो पाळतात. टेबलावर आधी सालासकट भाजलेले शेंगदाणे, ऑलिव्ह आणि भिजवलेल्या पिवळ्या बिया येतात, मग हातभर लांब पावाचं सँडविच, त्यासोबत पेय, आणि शेवटी क्रेमाएत: रम पेटवून साखर, लिंबाची साल आणि कॉफीच्या दाण्यांबरोबर उकळवलेली, त्यावर कॉफी. छोट्या ग्लासात तिचे थर वेगवेगळे दिसले पाहिजेत. शाकाहाऱ्यांसाठी बटाट्याच्या तोर्तियाचं किंवा भाजलेल्या ढोबळी-वांग्याचं सँडविच मिळतं. एवढं खाऊन दोनला पुन्हा जेवतात कसे, हे कोडं आम्हाला अजून सुटलेलं नाही.

मुलांना मेरिएन्दासाठी ओर्चाता पाजा. आल्बोराया गावातल्या चूफा नावाच्या कंदाचं थंड दूध, त्यात लांबोडके गोड पाव बुडवायचे.

पाएया (पसरट कढईतला केशरी भात) रात्री का मिळत नाही?

पर्यटकांच्या रस्त्यावर मिळते, आणि तिथेच ओळखावं. इथे भात रात्री जड मानतात. पाएया म्हणजे रविवारची दुपार, आणि ती करणारा बहुधा घरातला पुरुष, बाकीचे दिवस ओट्याकडे न फिरकणारा.

मूळ व्हॅलेन्सियन पाएयात कोंबडी, ससा, चपटी फरसबी, गारोफो नावाचे मोठे पांढरे दाणे, टोमॅटो, केशर. तांदूळ आल्बुफेरा सरोवराच्या काठचा, आखूड आणि पाणी शोषणारा. पाणी घातल्यावर ढवळायचं नाही. तळाशी धरलेला कुरकुरीत थर, सोकार्रात, हा मानाचा. आपल्या खरपुडीवर जशी मुलं तुटून पडतात तशी इथे मोठी माणसं पडतात. गावाकडे अजून सगळे कढईभोवती बसून, लाकडी चमच्याने, आपल्या समोरचा त्रिकोण सोडून पलीकडे न जाता खातात. चोरिथो घालू का, असं मात्र विचारू नका. भाज्यांची पाएया सर्रास मिळते, आर्टिचोक घातलेली उत्तम. पाणी कशाचं ते विचारायचं विसरू नका. माद्रिदमध्ये दुपारच्या ठरीव थाळीत ती गुरुवारी असते.

ही 'ठरीव थाळी' म्हणजे काय?

मेनू देल दिआ. 1960 च्या दशकात पर्यटकांसाठी सरकारने सक्तीची केलेली स्वस्त थाळी, जी पुढे कामकरी लोकांचं रोजचं जेवण झाली. पहिली थाळी, दुसरी थाळी, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी. साधारण 12 ते 16 युरो, फक्त दुपारी, सहसा सोमवार ते शुक्रवार. दुसऱ्या थाळीत शाकाहारी काही नसेल तर पहिल्या यादीतल्या दोन गोष्टी मागा. सहसा देतात.

हाताने खाल्लं तर चालतं का?

घरी तुमची मर्जी. चारचौघांत काटा-सुरी, मासे-कोळंबी आणि पाव हाताने. पावासाठी वेगळी बशी नसते, तो सरळ टेबलक्लॉथवर ठेवतात. हात मांडीवर ठेवून बसू नये, मनगटं टेबलावर दिसावीत. जेवणाऱ्या अनोळखी माणसांजवळून जाताना 'के आप्रोवेचे', म्हणजे खाल्लेलं अंगी लागो, असं म्हणतात. आणि खाताना कुणी आलं तर जुनी माणसं 'गुस्तास?' विचारतात, अगदी आपल्या 'या जेवायला' सारखं. बसून खायला लागायचं नसतं. आभार मानायचे आणि पुढे जायचं.

स्पॅनिश कुटुंबाने घरी बोलावलंय. काय न्यायचं, कधी निघायचं?

बेकरीतून छोट्या मिठायांचा ट्रे किंवा वाइनची बाटली. दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचलात तर यजमान खूश. चपला दारात काढण्याची पद्धत नाही. शाकाहारी आहात हे आदल्या दिवशीच सांगा, नाहीतर ताईंनी सकाळपासून रांधलेलं सगळं बाजूला सारावं लागतं आणि दोघांनाही ओशाळल्यासारखं होतं. दारू नको असेल तर 'मोस्तो' मागा, द्राक्षांचा रस. कुणी का म्हणून विचारत नाही.

खरी परीक्षा जेवणानंतर. ताटं उचलली तरी कोणी उठत नाही. कॉफी, मग गप्पा, मग पुन्हा काहीतरी. याला सोब्रेमेसा म्हणतात आणि ती जेवणापेक्षा लांबू शकते. 'जेवलो, निघतो' हे आपल्याकडे चालतं, इथे उद्धट वाटतं. रविवारच्या जेवणाला गेलात तर संध्याकाळचं काही ठरवू नका.

उलट त्यांना बोलावलंत तर सगळं एकदम ताटात वाढू नका. आधी भजी किंवा कोशिंबीर, मग भाजी-पोळी, मग वरण-भात, असं उतरंडीने. तिखट निम्म्याहून कमी. पाव ठेवाच, श्रीखंड-पुरीबरोबरही ते पाव शोधतील.

उपवासाचं काय?

बटाटे, रताळी, शेंगदाणे, दही, फळं सगळीकडे. साबुदाणा आशियाई दुकानांत 'तापिओका' म्हणून मिळतो, पण मोठ्या काळ्या गोळ्या नकोत, छोटे पांढरे दाणे घ्या. वऱ्याचे तांदूळ भारतातूनच आणलेले बरे. शरद ऋतूत भाजलेली रताळी सुपरमार्केटच्या दारातच गरमागरम मिळतात. कार्तिकीला आमचं त्यावरच भागतं.

सणावारी काय चुकवू नये?

31 डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं. टीव्हीवर माद्रिदच्या पुएर्ता देल सोलचं घड्याळ लावतात. ठोक्यांआधी चार दुहेरी टोल पडतात, त्यांना फसून लोक लवकर सुरू करतात. लहान मुलांना द्राक्षं अर्धी कापून, बिया काढून द्या, घशात अडकण्याची भीती खरी आहे. 6 जानेवारीला रोस्कोन, गोल गोड पाव: आत एक छोटी मूर्ती आणि एक सुका दाणा दडवलेला. मूर्ती मिळेल तो राजा, दाणा मिळेल त्याने पावाचे पैसे द्यायचे. बदाम-मधाचा तुर्रोन दोन प्रकारचा, आलिकान्तेचा कडक आणि खिखोनाचा मऊ. चिक्कीवर वाढलेल्यांनी कडक घ्यावा. होळीच्या आसपास, ईस्टरआधी, दुधात भिजवून तळलेल्या पावाच्या तोर्रिखास येतात.

पाणी, टिप, उरलेलं अन्न?

2022 च्या कायद्यानुसार रेस्टॉरंटने नळाचं पाणी फुकट द्यायला हवं. 'आग्वा देल ग्रिफो' म्हणून मागा, नाहीतर बाटली येईल आणि बिलात लागेल. माद्रिदचं नळाचं पाणी चवीला उत्तम, आमचं जड. घरी गाळणीचा जग ठेवतो. टिप सक्तीची नाही, चिल्लर ठेवली तरी पुरते. कर किमतीतच धरलेला असतो. पाव न मागता आला तर त्याचे पैसे लागू शकतात. उरलेलं अन्न बांधून मागण्यात पूर्वी लोक संकोचायचे. 2025 च्या अन्न-नासाडीविरोधी कायद्याने ते मोफत बांधून देणं रेस्टॉरंटांवर बंधनकारक केलंय, 'हवं तेवढं खा' बुफे सोडून. 'पारा येवार' म्हणा, डबा येतो.